‘संस्कृतीकरण’ : एम. ए.च्या समाजशास्त्रातील एका संज्ञेची चिकित्सा

मराठीतून समाजशास्त्राचा एम. ए.चा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती संज्ञांशी. स्तरीकरण, गतिशीलता, प्रबळ जात, संस्कृतीकरण अशा संज्ञांच्या व्याख्या मुखोद्गत झाल्या की विषय हस्तगत झाला, असा समज त्याच्या ठिकाणी सहज निर्माण होतो. परंतु समाजाविषयीच्या संज्ञा ज्या भाषेत वावरतात, त्या भाषेतील मूल्यकल्पना त्यांना नकळत चिकटतात. ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा याचे बोलके उदाहरण होय.

मूळ इंग्रजी संज्ञा रूढ केली ती प्रा. एम. एन. श्रीनिवास यांनी. मुंबई विद्यापीठात १९१९ साली स्थापन झालेल्या समाजशास्त्र विभागात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम. ए.चा प्रबंध लिहिला; म्हैसूरमधील विवाह व कुटुंबसंस्था या विषयावरील तो प्रबंध १९४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे १९५२ साली कूर्ग लोकांच्या धर्मावरील ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, कनिष्ठ मानलेली जात मांसाहार व मद्य वर्ज्य करून, वरिष्ठ जातींचे विधी व देवता स्वीकारून, एकदोन पिढ्यांत आपले स्थान उंचावू पाहते. या प्रक्रियेला ‘ब्राह्मणीकरण’ म्हणणे त्यांना अपुरे वाटले, कारण अनुकरणाचा आदर्श सर्वत्र ब्राह्मणच असतो असे नाही. म्हणून त्यांनी संस्कृत भाषेच्या नावावरून नवी संज्ञा घडविली. या निवडीवरही आक्षेप आले. संस्कृत भाषेचा प्रत्यक्ष इतिहास आणि ही सामाजिक प्रक्रिया यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, असे भाषाशास्त्रज्ञ स्टाल यांनी १९६३ साली दाखवून दिले.

मराठीत आल्यावर संज्ञेपुढे आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती व्याकरणातील आहे. ‘शुद्ध’पासून ‘शुद्धीकरण’ होते, त्याच च्वि-प्रत्ययाच्या नियमाने ‘संस्कृत’पासून ‘संस्कृतीकरण’ सिद्ध होते. पण याच प्रत्ययापूर्वी इकारान्त शब्दाचा अन्त्य स्वरही दीर्घ होतो. म्हणजे ‘संस्कृति’पासूनही नेमके हेच रूप मिळते. दोन भिन्न प्रकृती एकाच रूपात लोपतात, आणि मराठी वाचकाच्या कानाला ‘संस्कृती’ आधी ऐकू येते. शिवाय ‘संस्कृत’ हा शब्द भाषेचे नाव म्हणून घेतला, तरी ‘संस्कार झालेले’ हा त्याचा विशेषणार्थ पुसला जात नाही. इंग्रजीत जे केवळ एका भाषेचे नाव आहे, ते मराठीत प्रशंसेचा शब्द होऊन बसते.

याचा परिणाम केवळ शब्दापुरता राहत नाही. उत्तरपत्रिकेत ‘संस्कृतीकरणामुळे खालच्या जाती सुसंस्कृत होतात’ असे वाक्य लिहिणारा विद्यार्थी व्याख्या चुकला एवढेच म्हणून भागणार नाही. वरिष्ठ जातींनी स्वतःविषयी केलेला दावा त्याने शास्त्राचा निष्कर्ष म्हणून स्वीकारलेला असतो. हा विद्यार्थी स्वतः अशा एखाद्या जातीतून आलेला असेल, तर त्याने आपल्या आजोबा-पणजोबांना असंस्कृत ठरविण्याचे काम परीक्षेतील गुणांसाठी पार पाडलेले असते.

वस्तुतः श्रीनिवासांचे प्रतिपादन याहून पुष्कळ सावध आहे. १९६६ सालच्या विवेचनात त्यांनी स्पष्ट केले की, या प्रक्रियेने एखाद्या जातीचे स्थान बदलते, जातिव्यवस्थेची रचना बदलत नाही. शिडीवरील माणूस पायरी बदलतो. शिडी तशीच उभी असते. ही मर्यादा ध्यानात घेतली नाही, तर महाराष्ट्रातील सर्वांत मोठी घटनाच विद्यार्थ्याच्या हातून निसटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेथे वरची पायरी मागितलेली नव्हती. शिडीच नाकारलेली होती. तिला ‘संस्कृतीकरण’ म्हणणे म्हणजे घटनेचा अर्थ उलटा लावणे होय.

विशेष असे की, अनुकरणाचा विचार आंबेडकरांनी विद्यार्थिदशेतच केला होता. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातून एम. ए. झाल्यावर तेथील मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. बंदिस्तपणाची प्रथा वरच्या वर्गाने आरंभिली व इतरांनी तिचे अनुकरण केले, हे सांगताना त्यांनी फ्रेंच विचारवंत तार्द यांच्या अनुकरण-सिद्धान्ताचा आधार घेतला. पण त्यांच्या विवेचनात अनुकरण उन्नतीचा मार्ग म्हणून येत नाही. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीबाहेरील विवाहाच्या बंदीतून कशा उद्भवल्या आणि खाली कशा पसरल्या, हे ते दाखवितात. श्रीनिवासांनी ज्यात स्थानाची वाढ पाहिली, त्यातच स्त्रीवर पडणारे ओझे आंबेडकरांनी छत्तीस वर्षे आधी दाखविले होते. हे दोन्ही विचार एकत्र वाचल्याखेरीज संज्ञेचे पूर्ण मोल कळणार नाही.

आता संज्ञा बदलावी काय? रूढ झालेला शब्द हट्टाने काढून टाकल्याने अर्थाचा प्रश्न सुटत नाही. नवा शब्दही नवी मूल्ये घेऊनच येईल. आवश्यक आहे ती शब्दाची तपासणी. कोणी, कोणाचे, कोणत्या आचारात अनुकरण केले; शेजारच्या जातींनी तो दावा मान्य केला काय; त्यामागे जमीन, शिक्षण वा सत्ता यांचे बळ होते काय; आणि घरातील स्त्रियांना त्याची कोणती किंमत द्यावी लागली, हे प्रश्न विचारल्यावर संज्ञा पुन्हा उपयोगाची होते. पदवीपर्यंत विद्यार्थी संज्ञा शिकतो. पदव्युत्तर वर्गात त्याने संज्ञांनाच प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे. व्याख्येपाशी थांबणाऱ्या अभ्यासक्रमातून परीक्षा उत्तीर्ण होणारे तयार होतील, समाजशास्त्राचे अभ्यासक मात्र तयार होणार नाहीत.