चक्रपाणीसमोर सरफोजी

कुंभकोणमच्या चक्रपाणी मंदिरात गाभारा उंचावर आहे. पायऱ्या चढून जावं लागतं आणि कुठल्या बाजूच्या पायऱ्या चढायच्या, हे सूर्य ठरवतो. उत्तरायणात एक दार, दक्षिणायनात दुसरं. आत विष्णू आहे तो सुदर्शन चक्राच्या रूपात: आठ हात, आठही हातांत आयुधं, कपाळावर तिसरा डोळा. विष्णूच्या देवळात बेलाचं पान वाहिलेलं पाहून आपण मराठी माणसं क्षणभर थबकतो. इथे ती नित्याची रीत आहे.

क्षेत्राची कथा अशी की सुदर्शनाचं तेज पाहून सूर्याला ईर्षा झाली, त्याने आपला प्रकाश वाढवला आणि चक्राने तो सगळा शोषून घेतला. गर्व उतरलेल्या सूर्याने इथे उपासना केली, तेव्हा त्याला तेज परत मिळालं. म्हणून या गावाचं एक नाव भास्करक्षेत्र.

ज्या देवळात सूर्यानेही मान खाली घातली, तिथेच तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांची धातूची मूर्ती आहे. उपासकाच्या रूपात. राजे दुखण्यातून उठले ते चक्रपाणीच्या कृपेने, अशी इथली श्रद्धा आहे.

या मूर्तीचा अर्थ मला उलगडला तो दुसऱ्या दोन देवळांमुळे. जपानमध्ये निक्को इथे तोकुगावा इएयासूचं तोशोगू आहे. हा सेनानी 1616 साली वारला, पुढच्याच वर्षी निक्कोत देव म्हणून स्थापन झाला, आणि 1636 साली नातू इएमित्सूने त्या देवळाला आजचं वैभव दिलं. त्याच्या देवपणाच्या नावातल्या 'तोशो'चा अर्थ पूर्वेचा प्रकाश. तिथल्या योमेइमोन दरवाजाचा एक खांब मुद्दाम उलट्या नक्षीचा ठेवला आहे, कारण परिपूर्ण झालेलं ढासळू लागतं अशी समजूत. एवढ्या दिमाखात ठेवलेली ती एक भीती मला फार माणुसकीची वाटते.

दुसरं आपल्या घरचं: सिंधुदुर्गावरचं शिवराजेश्वर, राजारामांनी 1695 साली बांधलेलं. तिथे दाढी नसलेले, कोळ्यासारखी टोपी घातलेले शिवाजी महाराज आहेत. देव झाले तरी ते दर्यावर्दी माणसांच्याच वेषात राहिले. मुलाने वडिलांना देव मानलं, यात मला राजकारणापेक्षा आठवणीचा ओलावा जास्त दिसतो.

सरफोजी त्याच भोसले कुळातले, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशात दत्तक आलेले. पण त्यांच्या वाट्याला तलवार आली नाही. 1798 साली गादी मिळाली आणि 1799 च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. मग या राजाने सरस्वती महालातल्या ग्रंथसंग्रहात भर घातली, धन्वंतरी महालात औषधांवर काम करवून घेतलं, डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला तोही त्यांनीच. कुळाचा अभिमान त्यांना होता, आणि तो त्यांनी दगडावर लांबच लांब लिहवला.

चक्रपाणीच्या देवळात मात्र एक अक्षरही लागत नाही. वैद्यकाची इतकी जाण असलेला राजा बरा झाला आणि त्याचं श्रेय द्यायला देवापुढे आला, असं ही मूर्ती सांगते. यात विज्ञान आणि भक्तीचा झगडा मला दिसत नाही. औषधाची कदर असलेल्या माणसालाच औषध कुठे संपतं हे ठाऊक असतं, आणि कृतज्ञताही त्यालाच नेमकी कळते.

शिल्पाचं सौंदर्य मूर्तीच्या घडणीपेक्षा तिच्या जागेत आहे. राजाची प्रतिमा एरवी स्वतःकडे पाहायला लावते. ही आपली नजर पुढे देवाकडे पाठवते. देवळात आलेला भाविक नकळत राजाच्या ओळीत उभा राहतो. उंचीवरच्या गाभाऱ्यासमोर दोघांनाही मान वर करूनच पाहावं लागतं. निक्कोत माणूस प्रकाश झाला. इथे प्रकाशच नमला, आणि राजाने त्याच्यामागे जागा घेतली. मला ही जागा अधिक मोठी वाटते.

तंजावरला जाणारे मराठी प्रवासी बृहदीश्वर आणि सरस्वती महाल पाहून परततात. कुंभकोणम तिथून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. तेवढं अंतर जरूर जा, आणि चक्रपाणीचं दर्शन झालं की सरफोजीराजांनाही भेटून या.