मोजपट्टी कापून टाकलेले चित्र

शोधनिबंधांत, प्रात्यक्षिकांच्या पुस्तिकांत आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांत ‘वेस्टर्न ब्लॉट’चे चित्र आता सर्रास दिसते. फिकट पार्श्वभूमीवर एक काळी आडवी रेघ, तिच्याकडे रोखलेला बाण आणि बाणाशेजारी ‘५० किलोडाल्टन’ असा आकडा. हा आकडा कोठून आला, हे चित्र सांगत नाही. ज्या रकान्यावरून तो काढला, तो मार्करचा रकाना बहुधा छपाईपूर्वीच कापलेला असतो. वजने लपवून ठेवून तागडी तेवढी दाखवण्यासारखा हा प्रकार आहे. तो केवळ सजावटीचा दोष नाही. त्यामुळे विद्यार्थ्याचा असा समज होतो की, रेघ आपले वजन आपणच सांगते.

मुळात पद्धत अशी. एसडीएस नावाच्या साबणासारख्या द्रव्याबरोबर प्रथिने उकळली की त्यांच्या घड्या उलगडतात. सर्वसाधारणपणे दर ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम एसडीएस चिकटते, त्यामुळे सर्वांवर वजनाच्या प्रमाणात ऋण विद्युतभार येतो. मग जेलच्या चाळणीतून विजेच्या ओढीने ती धावतात. लहान रेणू पुढे जातात, मोठे मागे राहतात. पुढे हीच प्रथिने एका पातळ पटलावर उतरवून हवे ते प्रथिन प्रतिपिंडाच्या साहाय्याने ओळखायचे, ही युक्ती टोबिन, स्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. डीएनएसाठी तशी पद्धत १९७५ साली देणाऱ्या शास्त्रज्ञाचे आडनाव सदर्न. त्यावर कोटी करून १९८१ साली बर्नेट यांनी प्रथिनांच्या पद्धतीला ‘वेस्टर्न’ म्हटले.

जेलवर आपण मोजतो ते अंतर; वजन नव्हे. अंतराचे वजनात रूपांतर करायला ठाऊक वजनाची प्रथिने शेजारच्या रकान्यात धावावी लागतात. त्यांनाच मार्कर म्हणतात. एक जुना, रुळलेला संच पाहा : ९७, ६६, ४५, ३१, २१.५ आणि १४.४ किलोडाल्टन. प्रत्येक आकडा पुढच्याच्या जवळजवळ दीडपट आहे. वजनाचा लॉगॅरिथम आणि कापलेले अंतर यांचा आलेख मधल्या टप्प्यात सरळ रेषेत येतो, म्हणून या सहा रेघा साधारण सारख्या अंतरावर पडतात. गणिताच्या तासाला लॉगॅरिथमचा उपयोग विचारणाऱ्या मुलाला दाखवण्यासारखे हे उदाहरण आहे.

पण सरळ रेषा मधल्या टप्प्यापुरतीच असते. कल्याणहून कर्जतपर्यंत गाडी किती वेळात आली यावरून मधले नेरळ केव्हा येईल हे सांगता येते. त्याच हिशेबाने लोणावळा सांगू गेलो तर फसू. कर्जतला मागून इंजिने जोडली जातात आणि पुढे बोरघाटाचा १:३७ चढ लागतो. मार्करच्या शेवटच्या रेघेपलीकडचे वजन सांगणे म्हणजे घाटाचा हिशेब सपाटीच्या वेगाने करणे होय.

कर्जत-खालापूरच्या शेतातलेच उदाहरण घेऊ. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ अशी भातवाणे दिली. तांदळातील मुख्य साठवण-प्रथिन म्हणजे ग्लुटेलिन. त्याचे पूर्वरूप सुमारे ५७ किलोडाल्टनचे. त्याचे पुढे ३७ ते ३९ आणि २२ ते २३ किलोडाल्टनचे दोन तुकडे होतात. हे सर्व वर सांगितलेल्या संचाच्या पायऱ्यांमध्ये नीट बसतात. दुसरे प्रथिन प्रोलामिन. ते माणसाला कमी पचते. त्याचे घटक सुमारे १६, १३ आणि १० किलोडाल्टनचे. यांतले शेवटचे दोन १४.४ च्या खाली, म्हणजे घाटात! तेथे ६.५ किलोडाल्टनच्या अॅप्रोटिनिनसारखी आणखी एक पायरी हवी, जेल दाट हवे आणि पटलाची छिद्रे ०.४५ ऐवजी ०.२ मायक्रोमीटरची हवीत, नाहीतर लहान रेणू पटलातून आरपार निघून जातात. एखाद्या वाणात पचणारे प्रथिन जास्त आहे असा दावा अशा ब्लॉटवर उभा असेल, तर मार्कर कोणता होता हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

माझा दुसरा आक्षेप रंगांच्या मोहावर आहे. रंगीत मार्कर डोळ्यांसमोर धावतो आणि पटलावर उतरलेलाही दिसतो, ही त्याची मोठी सोय. पण प्रथिनाला जोडलेला रंग त्याचे वजन वाढवतो व चाल बदलतो. जेलची घनता किंवा बफर बदलला की तीच निळी रेघ वेगळ्या वजनाची भासते. म्हणून काम कसे चालले आहे ते पाहायला रंगीत मार्कर घ्यावा आणि वजन ठरवायला बिनरंगी. बिनरंगी मार्कर पटलावर पॉन्सो रंगाने क्षणभर उमटवून पेन्सिलीने खूण करता येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मार्कर बिनचूक असला तरी आपले प्रथिन त्याच्यासारखेच वागेल असे नाही. एचआयव्हीच्या निदानाची खात्री करण्यासाठी अनेक वर्षे वेस्टर्न ब्लॉट वापरत. जीपी४१, जीपी१२०, जीपी१६० ही विषाणूच्या प्रथिनांची नावे किलोडाल्टनवरूनच पडली. या रेघांची संख्या मोजून निर्णय देत. १९८९ साली लक्षात आले की, बाजारातील पट्ट्यांवर १२० आणि १६० पाशी दिसणाऱ्या रेघा बऱ्याच अंशी जीपी४१ चेच रेणू एकमेकांना चिकटून राहिल्याने उमटतात. ४१ ची तिप्पट १२३, चौपट १६४! म्हणजे ज्यांना वेगवेगळे साक्षीदार समजत होतो, तो एकच साक्षीदार वेष पालटून आला होता. आकडा बरोबर होता, अर्थ चुकला होता. आणि तो अर्थ एखाद्या माणसाच्या आयुष्याला लागणार होता.

मार्कर निवडणे ही खरेदीची बाब नाही, ती विचाराची बाब आहे. अपेक्षित वजनाच्या वर एक आणि खाली एक तरी पायरी असावी, मार्कर त्याच जेलमध्ये धावलेला असावा, आणि छापताना त्याचा रकाना शाबूत असावा. शाळेत ब्लॉट करणे शक्य नाही, पण ब्लॉटचे चित्र वाचायला शिकवणे नक्की शक्य आहे. पुढच्या वेळी असे चित्र फळ्यावर काढाल, तेव्हा बाण काढण्याआधी डावीकडे मार्करच्या सहा रेघा काढा. नंतर मुलांना आलेखावरून आकडा काढू द्या. बाणाचे काम तेवढ्यात संपते.