कमोड, फ्रेंच

कमोड, फ्रेंच : वस्त्रे व चीजवस्तू ठेवण्यासाठी भिंतीलगत मांडावयाचे, खणांचे बुटके कपाट. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘सोयीस्कर’ असा आहे. पुढे इंग्रजीत शौचपात्र दडविलेल्या आसनालाही हे नाव मिळाले व मराठीत तेवढाच अर्थ रूढ झाला.

हा प्रकार सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये उदयास आला. आंद्रे शार्ल बूल (१६४२–१७३२) याने त्र्यानाँ प्रासादासाठी १७०८-०९ मध्ये घडविलेली जोडी कासवाची पाठ व पितळ यांच्या जडावकामासाठी विख्यात आहे. तथापि तिचा भार पेलण्यासाठी चार जादा पाय द्यावे लागले. अलंकरण परिपक्व, पण घाट अद्याप अस्थिर, अशी ही अवस्था होय. पंधराव्या लुईच्या काळात दर्शनी भाग फुगीर व वक्र झाला. आंत्वान गोद्रो याने १७३९ मध्ये व्हर्सायच्या राजशयनगृहासाठी केलेल्या कमोडवर झाक काफ्येरीच्या मुलामा दिलेल्या कांस्यवेली दोन्ही खणांवरून अखंड पसरतात. त्यामुळे खणांमधील सांधा दृष्टिआड होतो. परिणाम वैभवशाली असला, तरी वस्तूचा उपयोग तिच्या रूपातून लोपतो, हा या शैलीवरील रास्त आक्षेप होय. १७६० नंतर सरळ रेषांकडे कल वाढला. झां आंरी रीझनेर (१७३४–१८०६) याच्या उत्तरकालीन कामात रचना व अलंकरण यांचा समतोल आढळतो.

या कपाटांचा सांगाडा सामान्यतः ओक वा पाइनचा असून त्यावर दुर्मिळ लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असे. म्हणून ती दिखाऊ ठरविणे योग्य नव्हे. कोपऱ्यांवरील कांस्यपट्ट्या पापुद्र्याच्या नाजूक कडांचे रक्षण करतात. जेथे अलंकार असे काम करतो, तेथेच तो सर्वांत सुंदर दिसतो.

पॅरिसच्या कारागीर-श्रेणीने १७४३ मध्ये केलेल्या व १७५१ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार प्रत्येक उस्तादास आपला ठसा कामावर उमटवावा लागे. सदोष काम कोणाचे, हे त्यावरून कळे. बी. व्ही. आर. बी. ही आद्याक्षरे बेर्नार व्हान रिसेनबुर्ग याची असल्याचे १९५७ मध्ये निश्चित झाले. ठशामुळेच विस्मृत कारागिराला दोन शतकांनी नाव परत मिळाले. १७९१ मध्ये श्रेणी रद्द झाल्या. रीझनेर व त्याचा पूर्वसूरी ओबेन हे दोघेही जन्माने जर्मन होते. परक्या मुलखातून आलेल्यांनी पॅरिसच्या या कलेला मोठे योगदान दिले, हे लक्षणीय आहे.

स्थलांतरितांच्या उद्यमाचे असेच एक उदाहरण महाराष्ट्रात उल्हासनगर येथे आढळते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये हे नाव मिळाले. तेथील फर्निचर बाजारातून अंबरनाथ, बदलापूर येथील लहान सदनिकांतही कपाटे जातात. प्लायवुड वा भुशाच्या फळीवर सनमायका चढविलेले कपाट आणि फ्रेंच कमोड यांत किंमत व कौशल्य यांचे अंतर अफाट आहे; पण तत्त्व एकच, साध्या सांगाड्यावर देखणे आवरण. त्यामुळे आवरण हा दोष मानता येत नाही. कड उघडी राहून पावसाळ्यात फळी फुगली किंवा खण ओढताना अडखळला, तरच काम निकृष्ट ठरते. कारागिरीची परीक्षा दोन्हीकडे कडेशी व सांध्याशीच होते.

मात्र एक उणीव जाणवते. अशा कपाटावर सहसा दुकानाचे नाव असते, सुताराचे नसते. स्वस्त वस्तू राजवाड्यातील वस्तूसारखी असावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. ती करणाऱ्याचे नाव तिच्यावर असावे, ही नव्हे. नावाबरोबर दोषाची जबाबदारी येते व चांगल्या कामाचे श्रेयही. फ्रेंच कमोडचा अनुकरणीय भाग त्याच्या कांस्यवेलींत नसून मागील बाजूस उमटविलेल्या त्या लहानशा ठशात आहे.