भेदिकातला भेद आणि फेसबुकवरची ओळ

गेल्या वर्षी पठ्ठे बापूरावांवरच्या माझ्या लेखाची फेसबुकवर ओळख करून देताना मी पहिली ओळ लिहिली : 'कुलकर्ण्याचा मुलगा तमाशात का गेला? दडवलेले कारण वाचून थक्क व्हाल.' वाचक धावून आले. लेखात दडवलेले असे काहीच नव्हते.

बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आज सांगली जिल्ह्यात. १९४९ पूर्वी ते साताऱ्यातच होते. या मुलखाला कलगी-तुरा परका नाही. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला. भेदिकात एका शाहिराने पुराणातले कोडे घालायचे, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे कवनातच फोडायचे. भेद म्हणजे गुपित. भेदणे म्हणजे ते फोडणे. तेव्हा गुपिताने आरंभ करण्यात पाप नाही. कुतूहल तिथेही चाळवले जाई. पण कोडे घालणाऱ्यापाशी उत्तर असावे लागे, कारण समोर जाणता प्रतिपक्ष डफ घेऊन उभा असे. शाहीर समोरच्याचे ज्ञान गृहीत धरी. मी वाचकाचे अज्ञान धरले, आणि वर त्याला कुतूहल म्हटले!

माझ्या ओळीला प्रतिपक्ष नव्हता असे मला वाटले होते. खाली एकाने विचारलेच : 'कारण कुठे आहे?' मला जबाब देता आला नाही.