नेसणाऱ्याची कविता आणि विणणाऱ्याचा माग

माझ्या लहानपणी आमच्या शहापुरातल्या गल्लीत कोंबड्याच्या आधी माग बोलायचा. आमचे घर मराठी, समोरचे कानडी. मधे एक गटार आणि त्यावर टाकलेली फरशी. समोरच्या घरात अज्जांचा खड्ड्याचा माग होता. वडील शाळामास्तर असल्याने मी पाढे पाठ करावेत अशी घरची अपेक्षा, आणि मी मात्र फरशी ओलांडून त्यांच्याकडे कांड्या भरायला जायचो. ते वेड पुढे सुटले नाही.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. रेडिओवर ‘एक धागा सुखाचा’ लागले होते. अज्जांना बाजारापुरते मराठी चांगले येई, गाण्यातले अवघड जाई. “काय म्हणतोय रे तो?” त्यांनी विचारले. मी मास्तरांच्या मुलाला शोभेल असा अर्थ सांगितला. आयुष्य म्हणजे एक वस्त्र, ते कुणीतरी विणतो, पण त्या विणकऱ्याचे हात कुणाला दिसलेले नाहीत. अज्जांनी धोटा थांबवला नाही. “दिसले नाहीत? बघायला कोण आलं होतं काय?” एवढेच म्हणाले.

पुढे मी मराठी घेऊन एम.ए. झालो, शिक्षक झालो आणि १९९६ साली एका दिवाळी अंकात मराठी कवितेतील वस्त्रप्रतिमेवर पहिला लेख लिहिला. प्रतिमा, प्रतीक, अध्यात्म, सारे त्यात यथासांग होते. अज्जांना देवनागरी वाचता येत नसे, म्हणून लेख त्यांच्यापुढे बसून वाचून दाखवला. त्यांनी तो सबंध ऐकला. “चांगलं लिहिलास. पण माग कुठं आहे ह्यात?”

माग त्यात नव्हताच. जो दहाव्या वर्षापासून रोज डोळ्यांपुढे होता, तो लिहायला बसल्यावर माझ्या लेखणीत उतरला नाही. असे का झाले, हे शोधण्यात माझी पुढची बरीच वर्षे गेली. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

प्रथम त्या गाण्याविषयीच बोलू. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत आणि राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हा चित्रपट. या गाण्याचे मोठेपण वादातीत आहे. सामान्य माणसाचे तत्त्वज्ञान इतक्या थोड्या आणि सोप्या शब्दांत फार क्वचित आले आहे. पण ते नीट वाचावे. त्यात बालपणीचे कपडे आहेत, तारुण्यातली रंगीत वस्त्रे आहेत, म्हातारपणीची शाल आहे. म्हणजे कवी अंगावर वस्त्र घेणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहतो आहे. विणणारा शेवटी येतो तो प्रश्न होऊन, आणि अदृश्य होऊन. ही नेसणाऱ्याची कविता आहे. हा दोष म्हणून मी सांगत नाही. पण कवी कुठे उभा आहे, हे समीक्षकाने ओळखलेच पाहिजे. मी ते ओळखले नव्हते.

थोडी गंमतही सांगतो. कवीने सुखदुःखाचे प्रमाण एकास शंभर धरले आहे. साडीचा पन्हा ४८ इंच आणि इंचाला ६० दोरे धरले, तर ताण्यात २८८० दोरे भरतात. कवीच्या हिशेबाने त्यात अठ्ठावीस-एकोणतीस दोरे सुखाचे निघाले. म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. तेवढ्यात एक बारीक काठ बसतो! पण खरा प्रश्न संख्येचा नाही. सुखाचा दोरा ताण्यातला की बाण्यातला, हे गाणे विचारत नाही. ताणा आधी ठरतो. तो एकदा चढला की कापड उतरेपर्यंत बदलत नाही, आणि सदैव ताणलेला असतो. बाणा मात्र प्रत्येक फेकीला नवा येतो. त्याचा रंग बदलता येतो, चुकला तर दोन ओळी उसवता येतात. दैव आणि प्रयत्न यांवर आपण एवढी व्याख्याने ऐकतो. मागावर बसणाऱ्याच्या हातापायांना ती गोष्ट रोज ठाऊक असते. ही प्रतिमा मागातच तयार होती. पण मागाजवळ गेल्याशिवाय ती हाती लागत नाही.

कबीर जवळ गेला, कारण तो तिथेच बसलेला होता. चादरीचे जे पद त्याच्या नावाने गायले जाते, त्यात तो आधी ताणा कशाचा आणि भरणी कशाची हे विचारतो, मग चादर वापरणाऱ्यांकडे वळतो. आपल्या शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या संतांच्या नामावळीत कुंभार आहे, माळी आहे, सोनार, न्हावी, शिंपी आहेत. प्रत्येकाने आपल्या धंद्याची भाषा देवापुढे ठेवली. विणकर मात्र आपण कबीराकडून उसना आणला. आणि कबीर देशभर ज्यांनी पुन्हा गाऊन पोचवला, ते कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे (जन्म १९२४), घरची भाषा कानडी, वास्तव्य इंदूरजवळच्या देवासचे. आपल्या सीमाभागाची ओळख करून द्यायची तर एवढे एक उदाहरण पुरे.

पण खरा मागावरचा कवी मला फरशीच्या पलीकडे सापडला. जेडर दासिमय्या हा बसवेश्वरांच्या आधीचा वचनकार. नावातल्या ‘जेडर’चा अर्थच विणकर, आणि त्याच्या वचनांवरची मुद्रा ‘रामनाथ’. त्याच्या एका वचनात ताणा ताणण्यापासून पायाखालची पावडी दाबण्यापर्यंत आणि धोट्यातली कांडी संपण्यापर्यंत मागाची कामे ओळीने येतात, आणि शेवटी तो रामनाथाला विचारतो, हे लुगडे विणणारा मी की तू? प्रश्न माडगूळकरांचाच आहे. फरक असा, की दासिमय्या तो प्रश्न आधी पाय खड्ड्यात सोडून, हात दुखवून मग विचारतो. म्हणून त्याच्या प्रश्नात ‘मी’ आहे. आपल्या गाण्यात विणकरी एकटा देव आहे. तिथे माणसाच्या वाट्याला फक्त पांघरणे येते. अज्जांना हे वचन मी वाचून दाखवले तेव्हा ते एका जागी थांबले. कानडीत कांडीला कंडिके म्हणतात. “बघ, तुमची कांडी नि आमची कंडिके,” म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

परक्या वाङ्मयातही जवळ जाणारे लेखक आहेत. जॉर्ज इलियटच्या ‘सायलस मार्नर’ (१८६१) या कादंबरीचा नायक विणकर आहे. मागावर बसून त्याची पाठ वाकलेली आहे, नजर अधू आहे. एका अनाथ मुलीला तो सांभाळू लागतो तेव्हा मूल भलतीकडे जाऊ नये म्हणून तागाच्या कापडाची रुंद पट्टी तिच्या कमरेला बांधून तो तिला मागाशी अडकवतो; आणि ती पोर कात्रीने पट्टी कापून निसटते. हे वाचताना मला हसू आले आणि गलबलूनही आले. अज्जांच्या नातवंडांना मी मागाच्या खांबाला बांधलेले पाहिले आहे. घरातच कारखाना असला की मूल आणि माग यांना एकाच वेळी सांभाळावे लागते. आपल्या कवितेतल्या दिव्य विणकऱ्याला मूलबाळ नसते, खळ शिजवावी लागत नाही. खळ दिलेला ताणा गल्लीभर पसरून पहाटेच घासावा लागतो, कारण ऊन चढले की खळ भराभर वाळते आणि दोरा तुटतो. तुटलेला दोरा शोधून सांधायला डोळे लागतात, आणि विणकऱ्याचे पहिले डोळेच जातात.

मराठीने श्रमिकाकडे पाहिलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नारायण सुर्वे यांच्या कवितेत कामगार ताठ मानेने बोलला. १९८२ च्या गिरणीसंपानंतर उद्ध्वस्त झालेले घर जयंत पवार यांनी ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात उभे केले. पण गिरणीला भोंगा होता, युनियन होती, रस्त्यावर उतरणारी गर्दी होती. हातमाग घराच्या आत, शिवाय बहुधा दुसऱ्या भाषेत आणि बाईच्या हातात. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर कामगार मोजले गेले आणि विणणाऱ्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया निघाल्या. आपल्या प्रतिमेतला ‘विणकरी’ मात्र अजून पुल्लिंगीच आहे. अज्जांच्या घरी दिवसाचा निम्मा माग अज्जी चालवीत. माझ्या १९९६ च्या लेखात माग नव्हता, तशी अज्जीही नव्हती. गांधीजींनीसुद्धा आत्मकथेत मोकळेपणाने कबूल केले आहे, की ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना माग किंवा चरखा पाहिल्याचे त्यांना आठवत नाही. पण त्यांनी नंतर आश्रमात माग बसवले. आपण समीक्षक एवढेही करीत नाही.

आता पदराचे पाहा. पदरी पडणे, पदरमोड, पदर येणे: या एका शब्दावर मराठी भाषेने केवढा संसार उभा केला! आणि आपल्या आज्यांच्या अंगावर ज्या इरकली होत्या, त्यांचा पदर विणला कसा जातो, हे किती मराठी लेखकांनी पाहिले? इळकलच्या साडीत अंगाचा ताणा सुती असतो, पदराचा तांबडा रेशमी. हे दोन वेगळे ताणे मागावरच फासात फास घालून एकमेकांना जोडतात. या प्रकारच्या पदराला टोप-तेनी म्हणतात. जोड प्रत्येक साडीला नव्याने करावा लागतो, म्हणून ताणाही एकेका साडीपुरता वेगळा चढतो. मी पहिल्यांदा तो जोड पाहिला तेव्हा बोट फिरवून शोधावा लागला. सूत कुठे संपले आणि रेशीम कुठे सुरू झाले, ते रंगावरूनच कळत होते. आपल्या लेकीबाळींच्या ओटीतला खणही तसाच पलीकडून, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येतो. ओटीची गाणी आपली, खण त्यांचा. त्या गाण्यांतही मी माग शोधला; मला नेसणारीच भेटली.

अज्जा २००३ साली गेले. त्यांच्या मुलांनी यंत्रमाग घातले होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, मागावर पोट भरायचे होते ते त्यांना. खड्डा बुजवून फरशी घातली. लाकडी सामान मी मागून घेतले आणि परसातल्या खोलीत पुन्हा उभे केले. रविवारी शाळेतली चार-सहा मुले येतात, मराठी माध्यमाची आणि कानडी माध्यमाचीही. सुरुवातीला सगळ्यांचे कापड मधेच कमरेत बारीक होते, कारण बाणा ओढून मारायचा मोह कुणालाच आवरत नाही. माझेही झाले होते. अज्जांनी काही न बोलता वीतभर उसवून दिले होते. मीही तसेच करतो. त्यांना कविता मी तिथे शिकवीत नाही. आधी दोरा सांधता आला पाहिजे.

सध्या मागावर एक पंचा चढवला आहे. डाव्या काठाचे तीन दोरे परवा तुटले, ते आठवीतल्या मुलीने सांधले. दिवाळीच्या सुट्टीत तो उतरेल.