सोंगटी, सोंग आणि अवतार : अद्भुतरम्य भूमिका-खेळांचा एक विचार

प्रस्तावना :

अद्भुत रस वर्गात शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. भरताने विस्मय हा त्याचा स्थायीभाव सांगितला आहे. परंतु विस्मयाची पाठ्यपुस्तकी उदाहरणे आता विद्यार्थ्यांना विस्मित करीत नाहीत. 'मुक्तामाला' (1861) किंवा 'मंजुघोषा' (1868) या कादंबऱ्यांची नावे ते परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. मात्र राक्षसांचे दुर्ग, मंतरलेली शस्त्रे, शापित राजकन्या आणि भूमिगत विवरे यांचे तपशील त्यांना ठाऊक नसतात असे नव्हे. विंचूरसारख्या ठिकाणीही ते त्यांना उत्तम ठाऊक असतात, फक्त ते त्यांनी वाचलेले नसून खेळलेले असतात. मराठी समीक्षेने अद्भुतरम्यतेला कादंबरीचे बालपण ठरविले आणि हरिभाऊ आपटे यांच्यानंतर ते संपले असे मानले. नाथमाधवांची 'वीरधवल' पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, तरी हा समज बदलला नाही. ज्या वाङ्मयीन प्रेरणेला आपण दाराबाहेर काढले, तिने दुसऱ्या माध्यमात घर केले. त्या माध्यमाची समीक्षा करण्याची भाषा मात्र आपल्यापाशी नाही, निदान आपण ती वापरीत नाही.

प्रस्तुत लेखात अद्भुतरम्य भूमिका-खेळांतील दोन अभिजात कृती, 'अल्टिमा 4 : क्वेस्ट ऑफ द अवतार' (1985) आणि 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (1999), आणि पुण्यात निर्माण झालेली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (2020) यांचा एकत्रित विचार करावयाचा आहे. 'राजी'चे महाराष्ट्रात झालेले कौतुक बव्हंशी अभिमानाचे होते. ते स्वाभाविक आहे, परंतु अभिमान म्हणजे समीक्षा नव्हे.

भूमिका म्हणजे काय :

या खेळप्रकाराचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 1981 मध्ये 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' यांनी त्याचे तत्त्व संगणकावर रुजविले. जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' (1986) आणि 'फायनल फँटसी' (1987) यांनी त्याला लोकप्रियता मिळवून दिली. या सर्वांत समान असलेली गोष्ट म्हणजे राक्षस वा जादू नव्हे. खेळणारा एक पात्र स्वीकारतो, ते पात्र अनुभवाने घडत जाते आणि त्याच्या वागण्याला ते जग काही ना काही उत्तर देते, ही ती गोष्ट होय.

खेळणारा आणि पात्र यांच्या या नात्याला आपल्या परंपरेत दोन जुने नमुने सापडतात, आणि ते योगायोगाने एकाच शब्दकुळातले वाटावेत असे आहेत : सोंगटी आणि सोंग.

सोंगटीचा नमुना मोक्षपटात दिसतो. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडलेला हा पट उत्तरेत ज्ञानचौपड म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लंडात गेला आणि तेथून मुलांची सापशिडी होऊन परत आला. आशयदृष्ट्या हा पट पूर्ण नैतिक आहे, मात्र खेळणाऱ्याला त्यात नैतिक असे काहीच करावयाचे नसते. कवड्या पडतील तसे घर येते. दयेच्या घरात पोहोचलेल्या खेळाडूने दया केलेली नसते आणि सापाच्या तोंडी सापडलेल्याने अपराध केलेला नसतो. हा खेळाचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण प्रारब्धाची जाणीव करून देणे हेच कदाचित त्याचे प्रयोजन असावे. तथापि सोंगटी ही भूमिका नव्हे, हे स्पष्ट आहे.

सोंगाचा नमुना आमच्याच जिल्ह्यात आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांत आणि लगतच्या मोखाडा-जव्हार पट्ट्यात बोहाडा होतो. संबळाच्या ठेक्यावर देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचतात आणि देवी व महिषासुर यांचे युद्ध हा त्याचा कळसाध्याय असतो. अनेक गावांत विशिष्ट सोंग नाचविण्याचा मान विशिष्ट घराण्याकडे चालत आलेला असतो. येथे कथा ठरलेली आहे, शेवटही ठरलेला आहे. महिषासुराचे सोंग घेणारा कधीही जिंकत नाही. असे असूनही ती भूमिका आहे, कारण मुखवट्याचे ओझे सोंग घेणाऱ्याच्या खांद्यावर असते. त्या भागातून आलेल्या एका विद्यार्थ्याला मी एकदा विचारले की, शेवट ठाऊक असताना महिषासुर नाचविण्यात काय गोडी? तो म्हणाला, "सर, हरायचंय म्हणून नीट नाचावं लागतं." अभिनयावरील पुष्कळ ग्रंथांत मला इतके नेमके विधान आढळलेले नाही.

टेक्ससमधील अवतार :

रिचर्ड गॅरियट या अमेरिकी खेळकर्त्याने 'अल्टिमा 4' रचताना हिंदू परंपरेतून 'अवतार' हा शब्द उचलला. आज संगणकावरील कोणत्याही चित्रप्रतिमेला सर्रास अवतार म्हणतात, त्या प्रघातामागील आरंभीच्या दुव्यांपैकी हा एक. या खेळात मारून टाकावयाचा अंतिम खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता आणि विनम्रता हे आठ गुण आत्मसात करून 'अवतार' होणे हेच साध्य आहे. आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री नैतिक पेचांचे प्रश्न विचारते आणि त्या उत्तरांवरून पात्र ठरते. पुढे त्या जगात औषधी विकणारी एक अंध दुकानदारीण भेटते. किती पैसे द्यावयाचे हे खेळणाऱ्याने सांगावयाचे असते. कमी दिले तरी ती काही म्हणत नाही, वस्तू मिळते, खेळ पुढे चालू राहतो. मात्र प्रामाणिकपणाची नोंद कोठेतरी घटलेली असते आणि तो आकडा पडद्यावर दिसत नाही. पाहणारे कोणी नसताना आपण कसे वागतो, हा प्रश्न 1985 सालच्या त्या ओबडधोबड ठिपक्यांच्या चित्रांतून विचारला गेला. तो मोक्षपटात विचारता येत नव्हता.

अर्थात दोन आक्षेप नोंदविले पाहिजेत. पहिला शब्दाचा. पुराणांतील अवतार वरून खाली येतो. गॅरियटचा नायक खालून वर चढतो. आपल्या परिभाषेत तो अवतार नसून साधक आहे. 'दासबोधा'तील बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध ही चढण त्याला अधिक लागू पडते. उसना शब्द आणताना त्याची दिशाच उलटली आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नियम कळले की खेळणारा भिकाऱ्याला एकेक नाणे पुनःपुन्हा देऊन करुणा वाढवीत बसतो. सद्गुणाचा हिशेब होतो आणि चित्रगुप्ताला फसविण्याची युक्ती हाती लागते. दानाची पावती जपून ठेवणाऱ्या समाजाला हे अपरिचित वाटू नये. तरीसुद्धा ही कृती श्रेष्ठ ठरते, कारण तिची मर्यादा तिने उभ्या केलेल्या प्रश्नातूनच निर्माण झाली आहे. जिथे निवडच नाही तिथे लबाडीही करता येत नाही.

संचित आणि क्रियमाण :

'प्लेनस्केप : टॉर्मेंट'चा नायक शवागारातील फळीवर जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही, आणि त्याला मरता येत नाही. मृत्यूनंतर तो पुन्हा उठतो. खेळ जसजसा पुढे जातो तसतसे त्याला आपल्या पूर्वीच्या अवस्थांनी केलेले अपराध भेटत जातात : प्रेमाचे ढोंग करून नाशाकडे लोटलेली स्त्री, शब्दात बांधून दास्यात ठेवलेला सोबती. त्याने ते केले आहे आणि केलेले नाहीही. कर्मविपाकाची ही मांडणी कोणत्याही भारतीय नावाचा आधार न घेता झालेली आहे. संचित त्याच्या वाट्याला आलेले आहे, ते बदलता येत नाही. क्रियमाण मात्र खेळणाऱ्याच्या हाती आहे. नायकाची नैतिक वृत्ती आरंभी ठरवून दिलेली नसते, बोलण्या-वागण्यातून ती घडते. कित्येक प्रसंगी तलवारीपेक्षा संवाद उपयोगी पडतो आणि म्हणून ही कृती वाचावी लागते. तिच्यातील गद्य अनेकदा पाल्हाळिक आहे, काही ठिकाणी ते आपल्याच चातुर्यावर खूश आहे. परंतु अखेरीस नायक आपल्या अपराधांचे फळ भोगण्यास नरकातील युद्धाकडे निघतो तेव्हा ते फळ खेळणाऱ्यालाही आपले वाटते. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या साधारणीकरणात प्रेक्षकाचे 'मी'पण गळून पडते. येथे ते गळत नाही, ते गुंतते. रसचर्चेला नवा प्रश्न पडावा असा हा भेद आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिले जावयास हवे.

'राजी'विषयी :

आता 'राजी'. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने, लोकवर्गणीचा 2017 मधील प्रयत्न फसल्यानंतरही, चिकाटीने हा खेळ पूर्ण केला. ऑगस्ट 2020 मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. रक्षाबंधनाच्या दिवशी महाबलासुराचे राक्षस मुलांना पळवून नेतात. त्यांत राजीचा भाऊ गोलू असतो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैलीचे रंग, भिंतींवरील चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेले कथाभाग हे सर्व नेत्रसुखद आहे. डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करीत लढणारी ही अनाथ मुलगी नायिका म्हणून मनात भरते. तिला कोणत्याही राजपुत्राची गरज भासत नाही, हे विशेष.

परंतु ती काही ठरवीत नाही. संपूर्ण खेळभर दुर्गा आणि विष्णू वरून पाहत राहतात, तिच्याविषयी आपसांत बोलतात, कथा सांगतात, तिच्या वतीने भावना व्यक्त करतात. शस्त्रांची शक्ती वाढविण्याची जुजबी सोय वगळली तर खेळणाऱ्याला एकही असा क्षण मिळत नाही की जिथे राजीने अमुक करावे की तमुक, असा विचार करावा लागेल. उडी चुकते किंवा साधते, घाव लागतो किंवा हुकतो. मोक्षपटात कवड्या होत्या, येथे बोटांचे कौशल्य आहे, सोंगटी मात्र तीच. छायाबाहुल्यांची निवेदनपद्धती निर्मात्यांनी सौंदर्यासाठी निवडली असेल, पण ती नकळत खरे बोलून जाते. सूत्रे देवांच्या हाती आहेत आणि राजी पडद्यामागची बाहुली आहे.

'राजी' ही मुळात साहसप्रधान कृती आहे, तिने भूमिका-खेळ असल्याचा दावा केलेला नाही, असे यावर म्हणता येईल. ते मान्य आहे. परंतु ज्या पुराणकथा ती आधाराला घेते, त्यांचा गाभाच धर्मसंकटाचा आहे. दुर्गेची उत्पत्ती, असुरांना मिळालेले वर, त्या वरांतील फट हे सर्व निवडीचे आणि परिणामांचे आख्यान आहे. ते भिंतीवरील चित्रात ठेवून खेळात केवळ युद्ध उरविणे म्हणजे पुराण सजावटीला वापरणे होय. बोहाड्यातही शेवट ठरलेलाच असतो, परंतु तेथे मुखवटा माणसाच्या तोंडावर येतो. 'राजी'त देवी आकाशातच राहते. भारतीय वातावरणात याहून वेगळे करता येते, हे 'अनरेस्ट' (2014) या लहानशा खेळाने त्यापूर्वीच दाखविले होते. प्राचीन भारतासारख्या एका काल्पनिक नगरात कधी राजकन्येची तर कधी ठरवून दिलेल्या लग्नापुढे उभ्या असलेल्या शेतकरी मुलीची भूमिका त्यात घ्यावी लागते, आणि शस्त्र उचलण्याची वेळ क्वचितच येते. चित्रे साधी होती. त्याची चर्चा 'राजी'च्या तुलनेत फारशी झाली नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. खेळ पुण्यात घडला, मात्र त्याचे पुराणकालीन जग राजस्थान, हिमालयाचा पायथा आणि काही अंशी बाली बेटावरील परंपरा यांतून आलेले आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला जतन केल्या आहेत. बाहुल्यांतून कथा सांगू पाहणाऱ्या पुण्यातील निर्मात्यांना हे दालन दूर नव्हते. प्रादेशिक अस्मितेचा हट्ट धरण्याचा येथे हेतू नाही. बाहेरच्या बाजारपेठेला 'भारत' म्हणून जे चटकन ओळखू येते तेच निवडले गेले असावे, अशी शंका मात्र येते. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी निवेदन आले. इंग्रजी बोलणाऱ्या दुर्गेपेक्षा ते कानाला निश्चितच बरे वाटते.

खेळाचा शेवट अनेकांना अपुरा वाटला, मलाही वाटला. चार-पाच तासांच्या वाटचालीनंतर राजी महाबलासुरासमोर उभी राहते, युद्ध होते आणि कथा जिथे खरोखर सुरू व्हावी तिथे पडदा पडतो. भाऊ, देव आणि असुर यांपैकी कोणाविषयीही राजीने स्वतः काही म्हणण्याचा प्रसंग तेथे येऊ शकला असता. त्या क्षणी दुर्गा आणि विष्णू गप्प राहिले असते, तर खेळणाऱ्याला बोलावे लागले असते.