आकाशांतील भाषांतर

परकी कथा आपल्या भाषेंत आणतांना केवळ पात्रांचीं नांवें बदलून भागत नाहीं, हें साहित्याच्या बाबतींत आपण केव्हांच मान्य केलें आहे. आकाशाच्या बाबतींत मात्र तो विचार झालेला दिसत नाहीं. ग्रीकांच्या चार तारकापुंजांना मराठी नकाशांत आपलीं पौराणिक नांवें मिळालीं आहेत. अँड्रोमेडा ही देवयानी, पर्सियस हा ययाति, कॅसिओपिया ही शर्मिष्ठा आणि सीफियस हा वृषपर्वा.

ही निवड रसिकतेची आहे यांत शंका नाहीं. कॅसिओपियेच्या गर्वोक्तीमुळें अँड्रोमेडेला समुद्रतीरीं खडकास जखडण्यांत आलें. पर्सियसानें जलराक्षसाचा वध करून तिला सोडविलें व वरिलें. इकडे शर्मिष्ठेनें रागाच्या भरांत देवयानीला विहिरींत लोटलें. ययातीनें तिला हात देऊन वर काढलें आणि पुढें तोच तिचा पति झाला. गर्व, संकट, सुटका व विवाह हे टप्पे जुळले. पण नातीं जुळलीं नाहींत. कॅसिओपिया ही सीफियसाची राणी व अँड्रोमेडेची आई. शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची कन्या व देवयानीची सखी, पुढें सवत. त्याहून मोठा भेद नायकांत आहे. पर्सियसाचें नांव पराक्रमानें राहिलें. ययातीची खरी कथा सुटकेनंतर सुरू होते. पुत्राजवळ तारुण्य मागणारा हा राजा मोहाचा बळी आहे. मेड्यूसेचें शिर हातीं धरणाऱ्या वीराच्या जागीं त्याला बसविल्यानें दोन्ही कथांवर अन्याय होतो.

याच्या उलट मृगाकडे पाहावें. ग्रीकांनीं त्या तारकांत ओरायन हा शिकारी पाहिला. आपल्या पूर्वजांनीं तेथेंच हरिण पाहिलें, त्याच्या अंगांत रुतलेला बाण पाहिला, आणि शिकारी म्हणून व्याधाला दूर उभें केलें. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथांत या दोहोंची तुलना केली, तेव्हां त्यांच्यापुढें उसनीं नांवें नसून दोन जुन्या परंपरा होत्या. आमच्या वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास ओरायन ठाऊक नसेल. पण जूनच्या आरंभीं मृग लागला कीं त्याचें चित्त कपाशीच्या पेरणीकडे लागतें. त्या दिवसांत हें नक्षत्र सूर्यतेजांत लपलेलें असतें, तरी त्याच्या मनांत तें उगवलेलेंच असतें. असें नांव नकाशा करून देत नाहीं.

म्हणून देवयानीला हद्दपार करावें असें मात्र माझें म्हणणें नाहीं. सुमारें २५ लाख प्रकाशवर्षें दूर असलेल्या तारकाविश्वाला मराठी वाचक आज त्याच नांवानें ओळखतो; तें रुजलें आहे. मुलांना तें दाखवितांना दोन्ही कथा सांगाव्या, आणि त्या कोठें फांकतात तेंही सांगावें, एवढेंच.